पाहुण्याची बाजू

शेवंतीला फसवावं लागतं. दिवस आखूड झाला, रात्र वाढली, की तिला वाटतं आपली फुलायची वेळ झाली, आणि वीतभर असतानाच ती कळी धरते. असलं बुटकं फूल बाजारात कुणी हातात धरत नाही. म्हणून अंधार पडला की तिच्या डोक्यावर काही वेळ दिवे लावायचे. मग ती समजते की अजून दिवस मोठेच आहेत, आणि बिचारी वाढत राहते. दांडा हातभर झाला की दिवे बंद करायचे आणि म्हणायचं, आता फुल बाई, काय फुलायचं ते.

हा धंदा आप्पांनी उभा केला होता. आप्पा म्हणजे घरचे कर्ते, आणि ही गोष्ट जिची आहे त्या सुनेचे सासरे. तारा ओढून, खांब रोवून, शंभर वॅटचे पिवळे बल्ब त्यांनी शेतावर टांगले तेव्हा लोक हसले होते. पुढे तेच लोक बल्ब विकत घ्यायला धावले. सगळ्या शिवारात संध्याकाळी असा उजेड पडायचा की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणाचं तरी लग्न आहे.

मग एका साली या उजेडाच्या लग्नघरात वीज खात्याचा माणूस आला. इतक्या बल्बांनी डीपी, म्हणजे शिवाराची वीजपेटी, वारंवार जळत होती. वायरमन खांबावर हात ठेवून, खाली मान घालून म्हणाला की यंदाचा हंगाम तेवढा काढा, पुढच्या साली शेतात पिवळा बल्ब दिसला तर लाईन तोडायचा हुकूम आहे. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत विचारायला गेले. तिथल्या कारकुनाने त्यांना दाराशी उभं ठेवलं, आपला चहा संपवला, आणि विचारलं की फुलं काय खायची असतात का, एवढा जीव टाकताय ते. आप्पा घरी आले, सदरा खुंटीला लावला आणि जेवले नाहीत. सासूबाईंनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्यांनी ताट झाकून ठेवलं.

अशा वेळी दिवेवाला आला.

तिशीचा असेल. सडपातळ, खांदे पडलेले, तळ उसवलेले बूट. ते त्याने दाराबाहेर काढले आणि कुणी बघू नये म्हणून एकाची उसवलेली बाजू भिंतीकडे केली. सासूबाईंनी नेमकं ते बघितलं. त्याने पिशवीतून लिंबाएवढा दिवा काढून आप्पांच्या हातावर ठेवला. वीज अगदी थोडी खातो, म्हणाला, तुमच्या बल्बाच्या मानाने नावालाच. सरकारच्या मदतीने आम्ही बनवलाय. आता शेतात करून दाखवायचाय आणि आम्हाला शेत कुणी देत नाही.

सरकारची मदत तीन पायऱ्यांची होती, हे त्याने जेवताना सांगितलं. पहिली पायरी दिवा बनवायची, ती झाली. दुसरी, शेतात सिद्ध करायची. तिसरी, कारखान्यात काढून बाजारात आणायची. दुसऱ्या पायरीवर पाय घसरला की तिसरी नाही.

“मग तुझं काय रे बाळा?” सासूबाईंनी वाढता वाढता विचारलं.

“मग आमची खोली बंद, मावशी. चौघंच आहोत आम्ही. कुलूप लावायला एक पुरतो,” असं म्हणून तो हसला आणि पुन्हा ताटावर वाकला. घरचं अन्न बरेच दिवस न मिळालेला माणूस जेवतो तसा तो जेवत होता. सासूबाईंनी न विचारता पुन्हा वाढलं, आणि सुनेला तेव्हाच कळलं की अर्धं शेत गेलं.

तसंच झालं. शेताच्या मधोमध काळं कापड ताणलं. एका बाजूला जुने बल्ब, दुसऱ्या बाजूला नवे दिवे; दोन्हीकडे वेगळे मीटर. माती एक, रोप एक, लावणीचा दिवस एक. नव्या बाजूला नाव पडलं ते सासूबाईंच्या तोंडून. “पाहुण्याच्या बाजूला पाणी सोडलं का गं?” त्या विचारायच्या, आणि मग सगळेच तसं म्हणायला लागले.

दिवेवाला दर आठवड्याला यायचा. रोपाला पट्टी लावून उंची बघायचा, मीटर वाचायचा, जेवायचा, निघताना सासूबाईंच्या पायाशी थोडा घुटमळायचा. आई नव्हती त्याला. एकदा सासूबाईंनी त्याचे बूट आपल्या मुलाकडून गुपचूप शिवून आणवले. मुलगा म्हणजे सुनेचा नवरा. तो फुलांच्या गाडीवर असायचा, उजाडायच्या आत निघायचा आणि दिवे लागल्यावर यायचा. तो म्हणाला, “आई, पाहुण्याच्या बाजूला तू न्हाऊमाखू घालतेस. माझ्या बाजूला निदान तोंड धुवायला तरी पाणी दे.” सगळे हसले. आप्पासुद्धा हसले. त्या घरात सगळे मिळून हसल्याची ती सुनेला आठवणारी शेवटची वेळ.

एका सकाळी, दव अजून पानावर असताना, सासूबाईंनी तिला शेतातून हाक मारली; पण हाक अशी दबक्या आवाजात, जशी साप दिसल्यावर मारतात. सून धावत गेली. सासूबाईंनी पाहुण्याच्या बाजूच्या एका रोपाचा शेंडा दोन बोटांत धरला होता. पानांच्या मिठीत मोहरीएवढी कळी होती. शेजारच्या रोपावरही होती. त्याच्या शेजारच्याही. रोपं अजून गुडघ्यालाही लागत नव्हती. काळ्या कापडापलीकडे बल्बांच्या बाजूला जाऊन बघितलं, तर तिथे नुसती पानं, कळीचा पत्ता नाही.

सून म्हणाली, दिवेवाल्याला सांगायला पाहिजे.

“सांगू की. पण उद्या तो यायचाय. माणूस घरी येणार म्हटल्यावर दारातला केर तसाच ठेवतो का आपण?” असं म्हणत सासूबाईंनी अंगठ्याच्या नखाने ती कळी खुडली. इतकी अलगद, की रोपाला कळलं नसेल.

खुडणं त्या घराला नवं नव्हतं. वेळेआधी चुकार कळी आली की खुडायची, हे हाताचं जुनं वळण होतं. शेंडा गेला की बगलेतून दोन फुटवे येतात. त्यातला सरळ ठेवायचा, वाकडा काढायचा, ठेवलेला सुतळीने काडीला बांधायचा. काही दिवसांत तो असा ताठ होतो की सांधा शोधावा लागतो. पण एरवी हे दहा-वीस रोपांना करायचं. इथे अर्धं शेत होतं. आणि दिव्यांचा उजेड पुरत नव्हता, म्हणून ठेवलेला फुटवाही पुन्हा कळी धरत होता.

दोघी पहाटेच्या उजेडात वाफ्यात उतरायच्या. सासूबाईंचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून त्या पोत्यावर बसून सरकत जायच्या. सून उभ्याने कमरेत वाकून. ऊन डोक्यावर येईपर्यंत मान वर नाही. शेवंतीचा चीक बोटांवर काळा बसायचा, साबणाने जायचा नाही. अंगठा तडकला. त्या बोटांनी जेवायला बसलं की पहिला घास कडू, शेवटचा घास कडू. खुडलेल्या कळ्या सासूबाई ओच्यात घ्यायच्या आणि बांधापलीकडे नेऊन मातीआड करायच्या.

एकदाच सून म्हणाली, “आई, ही लबाडी होत नाही का?”

सासूबाईंनी पुढची कळी खुडली. मग म्हणाल्या, “लबाडी म्हणजे दुसऱ्याचं काढून घेणं. आपण आपला घाम घालतोय. देवाने हात दिलेत, ते कुणाच्या तरी उपयोगी पडतायत. यात लबाडी कसली?”

आप्पांनी काही विचारलं नाही. दोघी वाफ्यात दिसल्या की ते बल्बांच्या बाजूला जायचे आणि पाठ करून पाणी वळवायचे.

दिवे बंद होऊन फुलं उमलली, तेव्हा पाहणीला सरकारी योजनेचे मोठे साहेब आले. बरोबर कॅमेरेवाला, मोजणारी दोन माणसं आणि दिवेवाला. त्याने त्या दिवशी दाढी केली होती आणि गालावर दोन ठिकाणी कापून घेतलं होतं. माणसांनी दोन्ही बाजूंचे दांडे मोजले, फुलं मोजली, वजन केलं. पाहुण्याची बाजू तसूभरही कमी नव्हती. उलट तिचे दांडे जरा सरसच भरले. विजेचं माप तर ऐकून मोठे साहेब स्वतःच हसले. कॅमेरेवाल्याने आप्पांना दुसरा सदरा घालायला लावला, हातात दिवा दिला, मान वाकडी करायला सांगितली, आणि दात दिसले पाहिजेत म्हणाला. आप्पांना दात दाखवून हसायची सवय नव्हती. ते तोंड उघडून उभे राहिले. माणसं मागे हसली, तरी ते तसेच उभे राहिले.

निघताना दिवेवाल्याने विचारलं. तो विचारणार हे सुनेला ठाऊक होतं, कारण तो सरळ माणूस होता.

“काका, या बाजूला वेगळं काही केलं नाही ना? खत, पाणी, मेहनत?”

मोठे साहेब गाडीचं दार धरून थांबले होते. आप्पा म्हणाले, “तीच माती, तेच पाणी.” दिवेवाल्याने सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी मायेने मान हलवली, काही नाही रे बाळा. मग त्याने सुनेकडे बघितलं. ती चहाचे रिकामे कप घेऊन उभी होती. तिने ट्रे असा धरला की अंगठे खाली जावेत. जीभ हलली असती तर तेवढ्यात सगळं निभावलं असतं. पण सासू-सासऱ्यांचा शब्द पडल्यावर त्यावर आपला शब्द ठेवायचा, हे तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. दिवेवाला हसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिसरी पायरी झाली. कारखाना निघाला. पुढच्या हंगामात सरकारी सवलतीत दिवे आले, आणि प्रत्येक खोक्यावर आप्पा होते. दात दाखवून हसणारे. दुकानात थप्पी लागली की शेकडो आप्पा एकावर एक. लोक म्हणायचे, आप्पा, तुम्ही तर नटच झालात. आप्पा वरवर रागवायचे आणि दुकानावरून जायचा रस्ता धरायचे.

सुनेचा भाऊ खोकी घेऊन तिच्या दारात आला, तेव्हा ती भांडी घासत होती.

भाऊ तिच्याहून मोठा. पलीकडच्या शिवारात एकटा राहायचा. बायको नाही, मूल नाही, आईबापांमागे बहिणीला त्यानेच वाढवलेलं. दहा वर्षं त्याने भाजी केली होती. ती सगळी उपटून त्याने यंदा शेवंती लावली होती, आणि डोक्यावर हे दिवे टांगणार होता. सगळं शेत. राखीव एक वाफाही नाही. हे तो पाणी पिता पिता सांगत होता आणि तिचा हात राखेत थांबला होता.

“दादा, निम्मंच लाव.”

“का गं?”

आप्पा ओसरीवर बसले होते. सासूबाई उंबऱ्यात. दोघंही तिच्याकडे बघत नव्हती.

“रोज खुडावं लागतं,” ती म्हणाली.

“मग काय, मला खुडता येत नाही?” भाऊ हसला. त्याने खोकं फिरवून आप्पांचा फोटो तिच्यासमोर धरला. “अगं, तुझ्या घरची जामीनकी आहे यावर. आता तू कशाला भितेस?”

आप्पा ओसरीवरून म्हणाले, बस, जेवून जा. तो जेवला, भरभरून जेवला आणि गेला. ती त्याला पोचवायला वाटेपर्यंत गेली होती. तिथे आप्पा नव्हते, कुणी नव्हतं. तरी ती बोलली नाही. ते पुढे तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

भावाकडचा निरोप आला तेव्हा ती चपला न घालता निघाली. भावाचं शेत लांबूनच पिवळं दिसत होतं. जवळ गेली तर सगळी शेवंती फुललेली. टपोरी, टवटवीत, एकालाही कीड नाही, आणि उंची वीतभर, फार तर दीड वीत. व्यापारी बांधावरूनच परत फिरला होता. भाऊ वाफ्याच्या तोंडाशी बसला होता. त्याने खुडलं नव्हतं असं नाही. अंगठा काळा होता, तडकलेला होता. एका माणसाने जेवढं खुडता येईल तेवढं त्याने खुडलं होतं. एक टोक संपवून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा कळ्यांनी भरत होतं.

ती त्याच्या शेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. पोतं, ओचा, मातीआड केलेल्या कळ्या, चहाचा ट्रे. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाच त्याने तिच्या अंगठ्याकडे बघितलं, मग आपल्या.

“तेव्हा का नाही बोललीस?”

“घरच्या माणसांची मान खाली गेली असती, दादा.”

“आणि मी कोण होतो?”

तिने आपले अंगठे पदराआड घेतले.

शिवारात दहा-बारा जणांची हीच गत झाली. एका सकाळी ते सगळे आप्पांच्या अंगणात आले. कुणी आवाज चढवला नाही. प्रत्येकाने आपलं खोकं आणून ओसरीच्या कडेला ठेवलं, फोटोची बाजू मातीकडे करून. आप्पा आतून बघत होते. शेवटी ते बाहेर आले आणि उभे राहिले. बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. दुपारी मोठे साहेब आले, बरोबर दिवेवाला. त्याच्या पायांत आता नवे बूट होते. भाऊ मागे, भिंतीला टेकून उभा होता.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं की मग याच शेतात पीक कसं आलं? तुम्हीच सांगा. सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं.

आप्पा म्हणाले, “तीच माती, तेच पाणी.”

“नाही,” सून म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. “आम्ही रोज खुडत होतो. पहाटेपासून, दोघी. न खुडता ते पीक आलं नसतं.”

आप्पांचा चेहरा काळवंडला. ते म्हणाले, पोर भावाच्या दुःखाने बोलतेय, मनावर घेऊ नका. इतक्या शांतपणे म्हणाले की पहिल्यांदा तिलाच वाटलं, आपण खोटं बोललो की काय.

तेव्हा सासूबाई उंबऱ्यातून भिंत धरून उठल्या. गुडघ्यांचा आवाज झाला. त्या दिवेवाल्यासमोर गेल्या आणि त्यांनी आपले दोन्ही अंगठे त्याच्यापुढे धरले.

“पोर खरं बोलतेय. मीच खुडायला लावलं. तुझी खोली बंद होईल म्हणाला होतास ना.”

दिवेवाला पांढरा पडला. “मावशी, मी विचारलं होतं तुम्हाला.”

“विचारलंस. पण तुझा साहेब दार धरून उभा होता रे. त्याच्यासमोर तुला कसं उघडं पाडू?”

तो वळून मोठ्या साहेबांना म्हणाला की साहेब, मग ही चाचणी धरता येणार नाही. उजेड कमी पडतोय, दिवा सुधारायला हवा, पुन्हा पहिल्यापासून करायला हवं, आणि या लोकांना भरून द्यायला हवं. साहेबासमोर तो एवढं बोलला, हे त्याच्या पदरात टाकायला हवं.

मोठे साहेब रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. हरवलेली किल्ली खिशातच सापडल्यासारखा.

“म्हणजे नीट खुडलं तर या दिव्यावर पीक येतं,” ते म्हणाले. “या घरात आलंय. मोजलंय आपण.” मग ते अंगणाकडे वळले. “अहो, या दोन बायका. यांतल्या एकीला वाकता येत नाही. त्यांनी करून दाखवलं. आणि तुम्हा बाप्यांना जमलं नाही? दिव्याला कशाला दोष देता? मेहनतीत कसर राहिली म्हणा.”

भरपाईचा विषय तिथेच मिटला. पुढच्या खोक्यावर तशी सूचनाच छापून टाकू, असं त्यांनी दिवेवाल्याला सांगितलं, आणि सासूबाईंना हात जोडले. खरोखरच मनापासून जोडले. म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून नवं काही उभं राहतं.

अंगणातल्या माणसांनी साहेबाकडे बघितलं नाही. त्यांनी त्या दोघींकडे बघितलं, आणि एकेक करून निघाले. खोकी तिथेच राहिली. दिवेवाला सासूबाईंच्या पायाशी वाकायला आला, तर त्यांनी पाय मागे घेतले. आप्पा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. भाऊ कधी गेला ते सुनेला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने विळा घेतला आणि भावाच्या शेतावर गेली. जाऊ नको असं कुणी म्हटलं नाही. तो आधीच कापायला लागला होता. फुलं काढून टाकल्याशिवाय जमीन मोकळी होत नव्हती. ती दुसऱ्या ओळीला लागली. विळ्याचा आवाज तेवढा. कापलेल्या फुलांचे ढीग बांधावर चढत गेले, इतके की पलीकडचा रस्ता दिसेना.

रस्त्याने जाणारी एक म्हातारी थांबली. तिने ढीग बघितला, या दोघांकडे बघितलं आणि भीत भीत विचारलं की यातली चार घेऊ का.

“सगळी घ्या,” भाऊ वर न बघता म्हणाला.

म्हातारीला खरं वाटेना. मग तिने दोन्ही हातांनी कवटाळून घेतली. तिला बघून आणखी माणसं थांबली, पोरं आली, सायकलवाला उतरला. जो तो वेंगा भरून नेत होता, वास घेत होता, हसत होता. एवढी सुंदर फुलं अशी वाटून टाकणारी माणसं अजून आहेत जगात, असं कुणीतरी म्हणालं.

म्हातारी जाताना बांधापाशी पुन्हा थांबली. तिचे हात भरलेले होते, म्हणून तिने नुसती मान लववली.

“देव तुमचं भलं करो, बाबांनो.”

सुनेचा विळा थांबला. भावाचा थांबला नाही.

“हो, आजी,” तो म्हणाला आणि पुढच्या रोपाला हात घातला.